ॲम्बॅसेडरवरचा परका कार्ब्युरेटर आणि त्यातले चार अनोळखी भाग

तासगाव भागातल्या एका द्राक्ष बागायतदार कुटुंबाची जुनी ॲम्बॅसेडर गेल्या हिवाळ्यात सांगलीतल्या एका गॅरेजमध्ये आली, तेव्हा तिची तक्रार वरवर पाहता साधी होती. इंजिन थंड असेपर्यंत गाडी बरी चाले. ते तापले की मात्र ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावरही रेस खाली उतरत नसे. आयडलिंगचा (गाडी उभी असतानाच्या किमान रेसचा) स्क्रू पूर्ण मागे घेतला तरी इंजिन 1500 आरपीएमच्या आसपास अडकून राही. त्यातच प्लग काळे पडत आणि ॲव्हरेज बरेच घसरले होते. एकीकडे रेस जास्त आणि दुसरीकडे प्लगवर काजळी, ही दोन्ही लक्षणे एकत्र दिसली की बहुतेक ठिकाणी कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग, साफ करून किट बदलले जाते. या गाडीच्या बाबतीत ते याआधी झालेले होते आणि त्याने काही फरक पडला नव्हता.

गाडीचे इंजिन 1489 सीसीचे, मूळ बीएमसी बांधणीचे. ॲम्बॅसेडर ज्या मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज 3 वरून आली, त्या गाडीवर एस.यू. या ब्रिटिश बनावटीचा एकच कार्ब्युरेटर असे, आणि मालकांचा आग्रह होता की आपल्या गाडीवरही एस.यू.च राहावा. जुना कार्ब्युरेटर झिजून निकामी झाल्यावर इंग्लंडमधल्या एका नातेवाइकाने तिथून एस.यू.चाच वापरलेला एचएस 4 पाठवला होता. त्याचा फ्लँज (बसवण्याची कड) इथल्या मॅनिफोल्डला, म्हणजे मिश्रण सिलिंडरांपर्यंत नेणाऱ्या वाटेला, जुळत नसल्याने कुपवाड एमआयडीसीतल्या एका लेथवर ॲडॉप्टर प्लेट करून तो बसवला गेला, आणि तक्रारी तेव्हापासून सुरू झाल्या. एचएसच्या पुढचा आकडा हा एक इंचावर किती अष्टमांश ते सांगतो; म्हणजे एचएस 2 हा सव्वा इंची आणि एचएस 4 हा दीड इंची. बोअर (हवेच्या वाटेचा व्यास) मोठा झाल्यामुळे हा त्रास होतो, असे मत आधी कोणी तरी देऊन ठेवले होते. ते मला पटत नव्हते, कारण एस.यू.मध्ये हवेची वाट इंजिनाच्या गरजेप्रमाणे पिस्टन वरखाली होऊन आपोआप लहानमोठी होते.

गॅरेजच्या मिस्त्रींनी मला बोलावले ते कार्ब्युरेटर उघडल्यानंतर. फियाटच्या सोलेक्स कार्ब्युरेटरवर त्यांचा हात बसलेला आहे आणि जुन्या ॲम्बॅसेडरवरचे एस.यू.ही त्यांनी भरपूर उघडले आहेत. पण या कार्ब्युरेटरमध्ये चार गोष्टी अशा होत्या की त्यांना त्या प्रथमच दिसत होत्या. थ्रॉटलच्या, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या, बटरफ्लाय चकतीत बसवलेली, स्प्रिंगवर दाबलेली एक छोटी झडप. पिस्टनमध्ये सैल बसलेली आणि एका बाजूला कललेली सुई. नेहमीपेक्षा जाड बुडाचे जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक नळी. आणि बॉडीच्या अंगाला निघालेली, कशालाच न जोडलेली एक आखूड पितळी नळी. “सर, ही सुई वाकलीया बघा, आणि चकतीत कुणीतरी भोक पाडून हे काय बसवलंय. आधी हे सगळं सरळ करून घेतो,” असे ते म्हणाले. मी त्यांना थांबवले, कारण अनोळखी भाग हा बिघडलेला किंवा कोणी मागाहून घुसडलेला भाग आहे, हे गृहीत धरून कामाला लागलो की पुढची सगळी तपासणी चुकीच्या पायावर उभी राहते. त्या भागातून पेट्रोल जाते, हवा जाते की तयार मिश्रण जाते, तो चकतीच्या अलीकडे आहे की पलीकडे, आणि इंजिनाच्या कोणत्या अवस्थेत त्याला काम पडते, एवढे प्रश्न प्रत्येक भागाला विचारले की कॅटलॉग हाताशी नसतानाही बहुतेक भाग आपली ओळख सांगतात.

पुढचे समजण्यासाठी एस.यू.ची रचना डोळ्यांसमोर असणे आवश्यक आहे. सोलेक्समध्ये प्रत्येक अवस्थेसाठी वेगळे जेट असते: स्लो जेट, मेन जेट, पंप जेट, स्टार्टर जेट. एस.यू.मध्ये जेट एकच आणि त्यात उतरणारी निमुळती सुई एकच. सुई एका जड पिस्टनला लावलेली असते. इंजिन जितकी जास्त हवा ओढील तितका पिस्टन वर उचलला जातो, त्याबरोबर सुई वर सरकते आणि जेटमधली मोकळी जागा वाढते. पिस्टनचे वजन आणि त्यावरची स्प्रिंग ठरलेली असल्याने पिस्टन आणि बटरफ्लाय यांच्या मधल्या पोकळीतला व्हॅक्यूम जवळजवळ कायम एकसारखा राहतो. स्किनर बंधूंनी 1905 च्या सुमारास मांडलेली ही कल्पना इतकी नेटकी आहे की शंभर वर्षांनंतरही तिच्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे, आणि या प्रकरणाचा अर्धा उलगडा त्या ‘कायम व्हॅक्यूम’मध्येच दडलेला होता.

रेस उतरत का नाही, हा पहिला प्रश्न. संशयित तीन होते. ॲडॉप्टर प्लेटच्या गॅस्केटमधून हवा शिरत असेल, तर आयडलिंग वाढते. पण अशी हवा मिश्रणाला पातळ करते, म्हणजे त्यातला पेट्रोलचा वाटा घटवते, आणि इंजिन वाढलेल्या रेसवर खडबडत चालते. इथे इंजिन 1500 वर अगदी गुळगुळीत चालत होते, आणि प्लेटच्या दोन्ही सांध्यांवर पाण्याचा फवारा मारूनही त्याच्या आवाजात फरक पडला नाही. दुसरा संशय डिस्ट्रिब्युटरवर होता. ॲडव्हान्सच्या वजनांच्या स्प्रिंगा ढिल्या झाल्या की प्लगच्या ठिणगीचे टायमिंग पुढे जाऊन तिथेच राहते आणि रेस अडकते. टायमिंग लाइट लावून पाहिले. स्प्रिंगा ठीक होत्या, वजने मोकळी होती.

तिसरा संशय त्या चकतीतल्या झडपेवर गेला, तो एका लहानशा प्रयोगामुळे. रेस अडकलेली असताना मिस्त्रींना ब्रेक दाबून टॉप गिअरमध्ये क्लच अगदी किंचित सोडायला सांगितले. इंजिनावर ओझे आले, आरपीएम खाली आला, आणि क्लच पुन्हा दाबल्यावरही तो खालीच राहिला. एकदा ॲक्सिलरेटर मारून सोडला की पुन्हा 1500. गॅस्केटची गळती असे वागत नाही. ती कायम असते. ओझ्याने इंजिनाचा व्हॅक्यूम घटतो, आणि व्हॅक्यूम घटल्यावर जे बंद होते व वाढल्यावर उघडते असे काही तरी वाटेत आहे, एवढे यावरून निश्चित झाले. असा भाग या कार्ब्युरेटरमध्ये एकच होता.

कार्ब्युरेटर खाली उतरवून, बटरफ्लाय पूर्ण बंद करून ट्यूबलाइटसमोर धरला. चकतीच्या कडेने अंधार होता, पण झडपेच्या भोवती प्रकाशाची बारीक चंद्रकोर स्पष्ट दिसत होती. काडेपेटीच्या काडीने झडप हळूच दाबून सोडली, तर ती एका बाजूने आत जाऊन तिरकी अडकली आणि मग सावकाश परतली. या झडपेचे मूळ काम समजावून घेण्यासारखे आहे. गाडी गिअरमध्ये असताना, विशेषतः उतारावर, ॲक्सिलरेटर सोडला की बटरफ्लाय बंद असते, चाके इंजिनाला फिरवत असतात आणि मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम आयडलिंगपेक्षाही वर चढतो. सिलिंडरमध्ये इतके कमी मिश्रण पोचते की ते नीट पेटत नाही आणि न जळलेले पेट्रोल धुराड्यातून बाहेर पडते. ही झडप कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हप्रमाणे त्या जादा ओढीलाच उघडून थोडे मिश्रण आत सोडते, म्हणजे ज्वलन चालू राहते. वयाने तिची स्प्रिंग मऊ पडली की ती आयडलिंगच्या व्हॅक्यूमलाही उघडू लागते. तिच्यातून जाते ते जेटच्या पुढचे तयार मिश्रण. म्हणून रेस वाढते, पण इंजिन खडबडत नाही. थंड असताना ही तक्रार का नव्हती, याचेही उत्तर यातच आहे: थंड इंजिन अडखळत चालते, त्याचा व्हॅक्यूम कमी असतो, त्यामुळे झडप बंद राहते.

आता ती उघडी नळी. आधीच्या एका तपासणीत रेसचा दोष तिच्यावरच टाकला गेला होता, आणि उघड्या नळीतून हवा आत ओढली जाताना ऐकू येत असल्याने तसे वाटणे स्वाभाविकही आहे. पण नळी कुठे उघडते ते तार घालून पाहिले, तेव्हा ती पिस्टन आणि बटरफ्लाय यांच्या मधल्या पोकळीत निघाली, म्हणजे बटरफ्लायच्या अलीकडे. तिथून आलेल्या हवेलाही बटरफ्लायमधूनच जावे लागते. ती रेस वाढवू शकत नाही, फक्त मिश्रण पातळ करते. मूळ गाडीत ही नळी क्रँककेसला, म्हणजे इंजिनाच्या खालच्या तेलाच्या पोकळीला, जोडलेली असते आणि तिथली वाफ ओढून पुन्हा जाळण्यासाठी असते. ॲम्बॅसेडरच्या या इंजिनाला तशी जोडणी नव्हती, म्हणून बसवणाऱ्याने ती तशीच मोकळी सोडून दिली.

काळ्या प्लगांचे कोडे सुटले ते इथेच, आणि माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत मोलाचा मुद्दा हा आहे. नळीचे भोक ठरलेल्या मापाचे आणि पोकळीतला व्हॅक्यूम कायम एकसारखा. तेव्हा नळीतून येणारी हवाही जवळजवळ ठरलेलीच असणार. आयडलिंगला इंजिनाची एकूण हवाच थोडी असते, म्हणून त्यात या चोरवाटेच्या हवेचा वाटा मोठा असतो आणि मिश्रण फार पातळ होते. रस्त्यावर भार पडला की एकूण हवा कित्येक पटींनी वाढते आणि चोरवाटेचा वाटा नगण्य होतो. आयडलिंगला इंजिन बंद पडू लागले म्हणून कोणी तरी जेट खाली उतरवून मिश्रण घट्ट केले. एचएस मालिकेत सुरुवातीची सेटिंग म्हणजे जेट पुलाशी (पिस्टनखालच्या उंचवट्याशी) समतल करून त्याखालचा नट दोन फेरे, अर्थात बारा पैलू खाली घेणे. या कार्ब्युरेटरमध्ये नट साडेतीन फेऱ्यांपर्यंत उतरवलेला होता. आयडलिंगपुरते त्याने भागले, पण बाकी सर्व वेळ इंजिन जादा पेट्रोल पीत राहिले. प्लग काळे आणि ॲव्हरेज कमी. हवेची गळती असूनही काजळी कशी, हा जो विरोधाभास वाटत होता, तो एका दोषावर दुसऱ्या दोषाचे पांघरूण घातल्यामुळे निर्माण झाला होता.

जाड बुडाच्या जेटने मात्र अधिक वेळ घेतला. बाहेरून पाहता ते साध्या जेटसारखेच दिसते: फ्लोट चेंबरपासून (कार्ब्युरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या कपापासून) आलेली नायलॉनची नळी, वर पितळी जेट. फरक बुडाच्या टोपीत. त्यात मेणाची एक बंद कुपी असते. पेट्रोल तापले की पातळ होते आणि त्याच भोकातून जास्त वाहते. त्याची भरपाई म्हणून मेण फुगून जेटला किंचित वर ढकलते, त्यामुळे सुईभोवतीची जागा घटते. तपासणीसाठी जेट सुटे करून टोपीपासून तोंडापर्यंतची लांबी व्हर्नियरने घेतली. मग ते गरम पाण्यात धरून पुन्हा मोजले, तेव्हा लांबी वाढली. एवढ्याने ते काय आहे हे सिद्ध झाले. नंतर ते रात्रभर टेबलावर ठेवले आणि सकाळी मोजले, तर लांबी मूळ मापावर परत आलेली नव्हती. कुपी थकली होती. अशा जेटवर केलेली कोणतीही सेटिंग दुसऱ्या दिवशी तीच राहत नाही, आणि गाडी वारंवार गॅरेजमध्ये का येत होती याचे हेही एक कारण होते.

कललेल्या सुईबद्दल मिस्त्रींचा आग्रह सर्वांत जास्त होता, आणि त्यामागे त्यांचा खरा अनुभव होता. जुन्या एस.यू.मध्ये सुई घट्ट बसवलेली असते आणि ती जेटच्या अगदी मध्यावर राहण्यासाठी जेट सेंटर करण्याचे नाजूक काम करावे लागते. तिथे सुई जेटला घासली तर दोघांचीही झीज होते. नंतरच्या काळात ही अडचण उलट्या मार्गाने सोडवण्यात आली. सुईच्या वर एक लहान स्प्रिंग ठेवून तिला मुद्दाम एका बाजूला कलवले, म्हणजे ती नेहमी जेटच्या त्याच बाजूला हलकेच टेकून राहते. मध्यावर असलेली सुई जराशी जरी सरकली तरी पेट्रोलचा प्रवाह बदलतो. कायम एकाच बाजूला टेकलेल्या सुईत तो प्रश्न उरत नाही, आणि सेंटर करण्याची गरजही पडत नाही. ही सुई पक्कडीत धरून सरळ केली असती, तर चांगला भाग हकनाक खराब झाला असता. मिस्त्रींना ती बोटाने सरळ करून सोडायला सांगितली. ती लगेच पूर्वीच्याच कलाने परतली. भिंगाखाली तिच्या दांड्यावर ‘ए’पासून सुरू होणारी तीन अक्षरे दिसली, जी या प्रकारच्या सुयांमध्ये 0.090 इंच जेटची खूण असते. ते जेट तेवढ्याच मापाचे होते.

चारही भाग एकत्र ठेवल्यावर त्यांचे नाते उघड होते. उतारावर न जळलेले पेट्रोल रोखणारी झडप, क्रँककेसची वाफ ओढणारी नळी, तापमानाप्रमाणे सरकणारे जेट आणि प्रवाह एकसारखा ठेवणारी सुई, हे सगळे धुरावर नियंत्रण आणण्यासाठी केलेले उपाय आहेत. अमेरिकेत 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि युरोपात 1970 पासून गाड्यांच्या धुरावर मर्यादा आल्या, तेव्हा ब्रिटिश गाड्यांच्या एस.यू.मध्ये हे भाग आले. भारतात पेट्रोल गाड्यांसाठी असे निकष 1991 साली आले. त्यामुळे इथे आयुष्यभर एस.यू. उघडणाऱ्या कारागिराच्या हाती हे भाग न येणे अगदी साहजिक होते. त्यात त्याच्या कौशल्याची उणीव नाही. यातला एक भाग ओळखता आला की उरलेल्यांकडे त्याच काळाच्या चष्म्यातून पाहता येते, आणि आमच्या बाबतीत चकतीतल्या झडपेने बाकीच्या तिघांचा माग लावून दिला.

दुरुस्तीत प्रत्येक भागाबद्दल वेगळा निर्णय घेतला. झडपेवर दोन्ही बाजूंनी सोल्डर मारून ती कायमची बंद करण्याचा मार्ग अनेक जण वापरतात, पण सोल्डर सुटून झडप इंजिनात गेली तर इंजिनाचे व्हॉल्व्ह आणि पिस्टन दोन्हीचे नुकसान होते, म्हणून मी त्याच्या बाजूने नव्हतो. एस.यू.चे सुटे भाग इंग्लंडमध्ये आजही बनतात. तिथून साधी, बिनझडपेची चकती आणि साधे जेट मागवले. चकतीचे स्क्रू जुनेच वापरू नयेत, असे मी आवर्जून सांगेन. त्यांची टोके चिरलेली असतात आणि बसवल्यावर ती फाकवायची असतात. एकदा फाकवून सरळ केलेले टोक दुसऱ्यांदा तुटू शकते. नवे स्क्रू आधी ढिले ठेवून, थ्रॉटल बंद करून चकतीला स्वतःची जागा घेऊ दिली, मग आवळून टोके फाकवली.

नळीला पितळी टोपी घट्ट बसवली. ती रॉकर कव्हरला जोडावी का, यावर आमची चर्चा झाली; पण या इंजिनाची वाफ बाहेर जाण्याची स्वतःची वाट आहे आणि दुसरी जोडणी करायची तर ताजी हवा आत येण्याचीही मापून सोय करावी लागते, म्हणून तो विचार सोडला. सुई तीच ठेवली. ती दुसऱ्या इंजिनासाठी निवडलेली असली, तरी एस.यू.मध्ये पिस्टनची उंची वाहणारी हवा दाखवते आणि सुई त्या उंचीला लागणारे पेट्रोल देते. त्यामुळे आपल्या इंजिनाला ती अगदीच विसंगत ठरेल असे नव्हते. पिस्टनवरची स्प्रिंग लाल रंगाची, म्हणजे साडेचार औंसांची होती. तीही तशीच राहू दिली. डॅम्परमध्ये (पिस्टनची उसळी आवरणाऱ्या भागात) 20 ग्रेडचे इंजिन ऑइल घातले.

जेट बारा पैलूंवर ठेवून इंजिन तापवले आणि बॉडीखालच्या पिनने पिस्टन जेमतेम पाऊण मिलिमीटर उचलून पाहिला. रेस वाढून तशीच राहिली तर मिश्रण घट्ट, इंजिन बसू लागले तर पातळ, आणि क्षणभर किंचित वाढून पुन्हा पूर्ववत झाली तर बरोबर. आमचे इंजिन बसू लागले. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि त्याला तेवढ्याच हवेत जास्त इंधन लागते, म्हणून जुन्या पुस्तकातली सेटिंग आज थोडी पातळ पडणे अपेक्षितच आहे. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्या जुन्या गाडीवाल्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. रबरी नळ्या आणि वॉशर इथेनॉलला टिकणारे आहेत की नाहीत, हेही याच वेळी पाहून घ्यावे. जेट दोन पैलू खाली घेतल्यावर चाचणी बरोबर उतरली आणि आयडलिंग 800 वर स्थिर झाले.

रस्त्यावरची चाचणी मिरजेहून दंडोबाच्या डोंगरापर्यंत घेतली, कारण सपाट रस्त्यावर सुईचा मधला भाग नीट तपासला जात नाही. चढावर दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये गाडी कुठेही अडखळली नाही, उतारावर ॲक्सिलरेटर सोडून खाली आल्यावर रेस लगेच 800 वर आली. वर पोचून लगेच काढलेल्या प्लगांचा रंग फिकट तपकिरी होता. चौथ्या सिलिंडरचा किंचित पांढरट होता, म्हणून जेट आणखी एक पैलू उतरवले.

काढलेली चकती आणि जुने जेट नावाची चिठ्ठी लावून मालकांकडे दिले, आणि नळीची टोपी काढू नये अशी सूचना एअर क्लीनरवर चिकटवली. एक गोष्ट अजून बाकी आहे. साधे जेट तापलेल्या पेट्रोलची भरपाई करत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये सांगलीच्या उन्हात फ्लोट चेंबर भरपूर तापतो. तेव्हा उन्हाळा सुरू झाल्यावर दुपारच्या वेळी पिस्टन उचलण्याची चाचणी पुन्हा घ्यायची आणि मिश्रण घट्ट निघाले, तर जेट एक पैलू वर घ्यायचे, असे मिस्त्रींशी ठरले आहे.